जेलर सरांचा उजवा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला माहीत आहे — पण तिला तरी मी कुठं सांगितलं? तिनं पकडलं. तुमच्यापाशी बोलतो, कारण तुम्ही आपले. हसू आलं तर हसा, मीही हसतो. पण त्यात एक जागा अशी आहे — तिथं पोचायला मला जरा वेळ लागेल.

हिंगणघाटात मला अजून जेलर सर म्हणतात. जेलर मी कधीच नव्हतो. नव्वदीच्या सुरुवातीला तुरुंग शिपाई म्हणून माझी निवड झाली, एवढंच खरं. तुरुंगाला दोन फाटकं असतात. मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. त्या दोघांच्या मधे पहिल्या दिवशी उभा राहिलो आणि जीव असा घाबरला, की काय सांगू! कसाबसा आठवडा काढला, मग ट्रंक उचलली आणि घर गाठलं.

एसटीतून उतरताना ट्रंकेच्या वजनानं उजवा पाय मुरगळला. स्टँडवरच्या पानवाल्यानं विचारलं, काय झालं? आता काय सांगणार — भिऊन पळून आलो? तोंडातून निघून गेलं, कैद्यांची मारामारी सोडवताना लागलं. संध्याकाळपर्यंत मी गल्लीचा हिरो! लोक चिवडा घेऊन भेटायला येऊ लागले. पाय दोन-चार दिवसांत बरा झाला हो. पण लंगडणं थांबवायचं कसं? आणि कधी?

मग पोरं यायला लागली. सर, आम्हालाही भरतीचं शिकवा. कापूस बाजारामागच्या मैदानात रोज सकाळी मी त्यांना पळवायचो, गोळा फेकायला लावायचो, दोन फाटकांचा नियम समजावायचो. शिकवणं मात्र खरं होतं, त्यात खोट नाही. काय दिवस होते! पोरं भरती व्हायची, खांद्यावर घेऊन नाचायची मला — आणि मी वरूनच ओरडायचो, पाय सांभाळा रे! एकदा गल्लीतलं कुत्रं मागं लागलं, तेव्हा असा काही सुसाट सुटलो, की शोभा — माझी बायको — दारात पोट धरून हसली. त्या दिवसापासून तिला ठाऊक. तिनं कुठं बोभाटा केला नाही.

आता कल्पनाचं सांगतो. वडनेरची, शेतकऱ्याची पोरगी. वर्गात मुलगी ती एकटीच. लेखीत हुशार, गोळा झकास, फक्त धावण्यात मागं पडायची. पोरं पुढं निघून जायची, ही एकटी रेंगाळायची. तिला हवं होतं कुणीतरी बरोबर पळणारं, बाकी काही नाही. हे मला दिसत नव्हतं का? पुरतं दिसत होतं. आणि माझ्यासारखा पळणारा त्या मैदानात दुसरा नव्हता. मी शिट्टी घेऊन काठावर उभा.

त्या वर्षीच्या भरतीत धावण्यात थोडक्यात हुकली ती. बापानं बजावलं, पुढच्या भरतीत झालं तर ठीक, नाहीतर लग्न. मैदानात येऊन ती म्हणाली, "सर, तुमचा पाय धड असता तं तुमीच पयाले असते माह्यासंगं."

मी मान हलवली. हो म्हणून. सांगा आता, काय म्हणावं अशा माणसाला?

घरी चहा पिताना शोभाला हे सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. "तुमी पयत नसान तं मी पयतो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई मैदानात हजर! सलवार-कुडता, पायात माझे कॅनव्हासचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेले. पोरं तोंड दाबून हसली. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत खाली बसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. हळूहळू दोघींची गट्टी जमली. पळताना नुसत्या गप्पा — सासू, दीर, तुरीच्या डाळीला फोडणी कशाची. हसता हसता कल्पना पोरांना गाठायला लागली. शोभाचं वजन उतरलं, गल्लीतल्या आणखी बायका यायला लागल्या. सकाळी मैदानात नुसती जत्रा! इतका आनंद मी त्या मैदानात कधी पाहिला नव्हता. माझे पाय शिवशिवायचे. मी लंगडत लंगडत शिट्टी वाजवायचो.

पुढच्या भरतीत कल्पनाची निवड झाली. बापानं अख्ख्या वडनेरात पेढे वाटले, शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ कुणाला? मला. शोभा बायकांच्या मागच्या रांगेत. तिचं नाव कुणी घेतलं नाही — मीही नाही. माईक तर माझ्या हातात होता.

मग कल्पना पुढं आली. माझ्या उजव्या पायावर डोकं टेकवलं तिनं, मुद्दाम उजव्याच. उठून सगळ्यांना म्हणाली, "मी थकलो का सरच्या ह्या पायाकडं पाह्यचो. म्हणून पयालो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोभानंही वाजवल्या, मनापासून, माझ्याकडं बघत हसून. मी शाल सावरली, आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना नेहमीपेक्षा जरा जास्तच लंगडलो.