म्हातारा मागे का राहिला

आमच्या अण्णांना ऐकू येत नाही. उभा जन्म चादरीच्या कारखान्यात, यंत्रमागाच्या खडखडाटात गेला आणि कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं. त्या शेडमध्ये तसंही कोणी तोंडानं बोलत नसे, कारण बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नसे. सगळा कारभार हातांवर चालायचा. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली की धागा तुटला. अंगठा बोटावर फिरवला की गाठ मारली. मूठ पुढंमागं केली की माग चालू आहे. कान गेले तेव्हा अण्णांनी ही भाषा घरी आणली आणि मी बाराखडीच्या जोडीनं तीही शिकले. आई मात्र शिकली नाही. तिचे हात विड्या वळण्यात गुंतलेले, शिवाय तिचं म्हणणं असं की, "ऐकू येत व्हतं तवा तरी तुजा बाप कुटं माजं ऐकत व्हता?"

अण्णांना शौक एकच, सिनेमा. कारखान्याला सुट्टी असली की आम्ही दोघं कुंभारीहून सोलापूर शहरात यायचो. थिएटरात मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचे आणि पडद्याच्या उजेडात हात धरून त्यांना संवाद सांगायचे. कोणी मेलं की धागा तुटला. लग्न झालं, भांडण मिटलं की गाठ मारली. खलनायक आला की मी मिशीला पीळ द्यायचे, ती त्यांच्या शेडवरच्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, खूण होती. अण्णा खूश व्हायचे. मोठमोठ्या कथांचा मी असा चादरीएवढा चौकोन करून त्यांच्या हवाली करत असे, आणि आमचं कधी काही अडलं नाही.

मी कॉलेजात असताना तो पहिला सिनेमा आला. परदेशी, अंतराळयानांचा, हिंदीत आवाज भरलेला. सगळ्या पात्रांच्या डोक्याला काचेची शिरस्त्राणं, त्यामुळे अण्णांना कोणाचे ओठही वाचता येईनात. गोष्ट मात्र त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळली. पाणी संपलेला एक ग्रह, आणि उरलेली माणसं तो सोडून निघालेली. अण्णा भर थिएटरात ओरडले, "हे तर आपलं सांगोलं की गं!" ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखं असतं. लोक हसले, मीही हसले. शेवटी एक म्हातारा आपल्या लेकीला यानात बसवतो, दार बाहेरून लावतो आणि स्वतः मागेच राहतो. का राहतो, ते काही सिनेमानं सांगितलं नाही. घरी येताना बसमध्ये अण्णा डोळे पुसत होते.

त्याचं कारण मला माहीत होतं. अण्णा सांगोल्याकडच्या एका वस्तीवरून सोलापुरात मागावर आले, ते तिकडे प्यायलाही टँकरचं पाणी उरलं तेव्हा. त्यांचा बाप चार मेंढरांपाशी मागे राहिला. कितीदा बोलावलं, आला नाही, कारणही सांगितलं नाही, आणि तिथेच गेला. "माजा बाप का आला न्हाई ते मला कवा कळलं न्हाई," अण्णा म्हणायचे, "ह्या म्हाताऱ्याचं तरी कळू दे." दर एक-दोन महिन्यांनी हे वाक्य यायचं. मी चिडायचे. म्हणायचे, अहो तो सिनेमातला म्हातारा आहे, त्याचा कोण बाप आणि कोण लेक! पण हे हातांनी सांगायला खूणच नव्हती.

मग बातमी आली की त्या सिनेमाचा नवा भाग येणार. भाग नवा पण गोष्ट आधीची, म्हणजे तो म्हातारा तरुण असताना त्या ग्रहावर कसा आला आणि तिथलाच कसा झाला, ते त्यात दाखवणार. मी आईला समजावून सांगितलं. ती विडीचं पान कातरत म्हणाली, "म्हंजी आदी पोराचं बारसं आन मग आय-बापाचं लगीन? शिनिमावाल्यांत चालत आसंल बाई." अण्णांना मी खुणांनी सांगितलं तर ते इतकंच म्हणाले, "मग ह्यात कळंल."

सिनेमा पुढे गेला. पुन्हा तारीख आली, पुन्हा पुढे गेला. आणि मधल्या काळात अण्णांचे डोळे चालले. काचबिंदू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेलीही फार दिवस राहील असं दिसत नाही, थेंब नेमानं घाला. आता त्यांना कडेचं काही दिसत नाही. मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यागत, आणि नळी रोज बारीक होत चालली आहे. लोक मला धीर द्यायला येतात आणि म्हणतात, वय झालं की व्हायचंच. त्यांना काय कळणार! अण्णांचे डोळे जाणार म्हणजे माझे हातही जाणार. मग मी माझ्या बापाशी बोलायचं कशानं? मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसात दाखले टाइप करताना हा प्रश्न मनात आला की बोटं की-बोर्डवर तशीच थांबतात.

शेवटी सिनेमा आला. दुपारच्या शोची तिकिटं काढली. थिएटर तुडुंब भरलेलं. कॉलेजची पोरं गटागटानं आलेली, एकानं तर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण करून डोक्यात घातलं होतं आणि त्यात त्याला घाम फुटला होता. दिवे गेले तसा शिट्ट्यांनी आणि पाय आपटण्यानं हॉल दणाणला. अण्णांनी चपला काढून पाय फरशीला लावले. कोणता माग बंद पडला ते कारखान्यात त्यांना तळव्यांनी कळायचं. थोडा वेळ तसेच बसले आणि हसून म्हणाले, "फुल्ल हाय." त्यांचा तो आनंद बघून मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून झालं.

पण पहिल्याच संवादाला अडलं. मी नेहमीसारखे हात धरले, तर ते त्यांच्या नळीत येईनात. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, तेवढ्यात पडद्यावरचं यान उतरूनही गेलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं तर माझी खूण हुकली. दोन-चारदा असं झालं आणि ते वैतागून मोठ्यानं म्हणाले, "तुजं हात बगू का शिनिमा बगू?" मी हात उचलून त्यांच्या तोंडासमोर, थेट पडद्याच्या रेषेत धरले. लगेच मागून आवाज आला, "ओ ताई, हात खाली घ्या की! आमी काय तुमचा डान्स बगायला आलोय व्हय?" मी वळून सांगू लागले, पण काय काय सांगणार, कान सांगू की डोळे सांगू? हात खाली घेतले. अण्णा पुढे वाकून एकटेच बघत राहिले.

आणि सिनेमाही असा की त्याला घाई म्हणून नव्हती. जाहिरातीत जेवढी मारामारी दाखवली होती तेवढीच होती, एक कणही जास्त नाही. बाकी सगळा वेळ ती तरुण माणसं त्या ग्रहावर पाण्यासाठी बोअर मारत हिंडत होती. मशीन लावायचं, धूळ उडायची, काही लागायचं नाही, पुढे चालायचं. पोरं आधी चुळबुळली, मग जांभया देऊ लागली, मग त्यांना कंठ फुटला. "यान उडवा की राव!" "ह्याच्यापेक्षा आमच्या गल्लीत जास्त राडा असतोय!" हिंदी आवाजही असे भरलेले की पडद्यावर माणूस रडतोय आणि आवाज बातम्या वाचतोय. जिथे तिथे हशा.

अण्णांना यातलं काहीच पोचत नव्हतं. ते हरखून गेले होते. एका शांत प्रसंगी, नायक, म्हणजे तरुणपणीचा तो म्हातारा, जमीन हातानं चाचपत असताना, ते भसाड्या आवाजात ओरडले, "हितं न्हाई लागायचं पाणी! वरच्या अंगाला घ्या!" सगळा हॉल फुटला. आणि पुढच्याच मिनिटाला पडद्यावर बोअर कोरडा गेला, मग तर विचारूच नका. "आजोबांना घ्या रे यानात!" "आजोबा, आता कुटं मारायचा?" टाळ्या, शिट्ट्या. अण्णांच्या तळव्यांना तो दणका लागला असणार, कारण ते माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "लोकांना लई आवडायलाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण पोरं तरी काय वाईट म्हणत होती? इतकी वर्षं वाट बघून त्यांच्याही पदरात ही धूळच पडली होती. आणि वाजवून अण्णांना काय सांगितलं असतं? मी नुसती मान डोलावली.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत हीच चर्चा. "नाव मोठं, लक्षण खोटं." "पयल्या पिक्चरची पण वाट लावली राव ह्यांनी." पुठ्ठ्याचं शिरस्त्राण आता काखेत होतं. त्याचा मालक कोणाला तरी फोनवर सांगत होता की येऊ नको, तिकीट असलं तरी येऊ नको. मी चहा घेऊन परत आले तर अण्णांनी विचारलं, "काय म्हणत्यात लोकं?" या वेळी पडदा नव्हता, दिवे होते, माझे हात त्यांच्या नळीत नीट मावत होते. मी गाठ मारल्याची खूण केली, म्हणजे सगळं छान. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि चहा प्यायले.

सिनेमा पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांचे पाय परत फरशीवर होते. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता आणि त्यांच्या मानानं हळू आवाजात ते म्हणाले, "निम्मी लोकं उठून गेल्यात. मगाशी फरशी जड व्हती, आता हलकी लागायलीय. मला खुळ्यात काढतीस व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो हात धरला, आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि माझी बोटं आपल्या तळहातावर ठेवली. नजर पडद्यावरच होती. "हितं सांग," म्हणाले. "दोन्ही हुतंय का बगू."

मी दोन बोटं त्यांच्या तळव्यावर जुळवली आणि वेगळी केली. नायकाचा जोडीदार मेला होता. "धागा तुटला," अण्णा म्हणाले. पुढचा सगळा सिनेमा मी तसाच सांगितला. त्यांच्या हाताला मागावरचे जुने घट्टे आहेत, हलकी खूण लागत नाही, दाबून करावी लागते. काही कळत होतं, बरंच निसटत होतं. निसटलं की ते बोटं घट्ट धरायचे, मी पुन्हा करायचे, तोवर पुढचा संवाद निघून जायचा. शेवटी शेवटी मी संवाद सोडून दिले. नुसतं कोण आलं, कोण गेलं, कोण रडतंय एवढंच सांगत राहिले. उरलेल्या पोरांची बडबड चालूच होती, पण आता तिकडे लक्ष द्यायला मला फुरसत नव्हती.

शेवटचा प्रसंग आला. यान निघायच्या तयारीत. आत नायकाची बायको, बाकीची माणसं. तो दाराशी उभा. बायको हात पुढे करते. तो एक पाऊल मागे येतो. पोरंसुद्धा गप्प झाली. अण्णांची बोटं माझ्या हाताभोवती आवळली. शिरस्त्राणाच्या काचेमागे त्याचे ओठ हलायला लागले, आणि पडदा काळा झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं आली, हिंदीत. बाकीची गोष्ट पुढच्या भागात.

क्षणभर कोणालाच खरं वाटेना. मग बोंब उठली. "फसवलं!" "हे काय राव, अजून एक?" कोणी रिकामा ग्लास पडद्याच्या दिशेनं भिरकावला. मघाशी मला डान्सवरून बोललेल्या मागच्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला. दोन-तीन जण मात्र पुढचा भाग येणार म्हणून टाळ्याही वाजवत होते, त्यांच्यासमोर वर्षंच वर्षं पडलेली.

"काय लिवलंय गं?" अण्णांनी विचारलं. "का ऱ्हायला त्यो?"

मी काहीही सांगू शकले असते. पाण्यासाठी राहिला, मातीसाठी राहिला, मेंढरांसाठी राहिला. त्या हॉलमध्ये मला खोटं पाडणारं कोणी नव्हतं. पण माझी बोटं त्यांच्या तळहातावर होती आणि मघाशी गाठीचं खोटं बोलले ते त्यांच्या पायांनी धरलं होतं. मी मूठ वळली आणि त्यांच्या हातावर पुढंमागं केली. माग चालू आहे. चादर अजून उतरलेली नाही.

त्यांनी माझी मूठ धरून ठेवली. "म्हंजी सांगितलंच न्हाई."

मी त्यांचा हात दाबला.

"पुडच्यात सांगणार?"

पुन्हा दाबला.

"कवा?"

या भागाला किती वर्षं लागली ते दोघांनाही माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण थेंबाची वेळ मी एकदाही चुकू देत नाही, त्यावरून त्यांना कळत असणारच. मी हात तसाच ठेवला. दिवे लागले. अण्णांनी पायानं चाचपत चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी मी सरकवून दिली.

"बरं," ते म्हणाले, "तवा तू एकलीच जा. हातवारं करत बसू नगं, नीट बग. आन घरी आलीस की हितं सांग." त्यांनी तळहात माझ्यापुढे उघडा धरला. लोक चिडत, हसत बाहेर निघाले होते, झाडूवाला दाराशी खोळंबला होता, आणि मी त्या हातावर काय खूण करावी ते न सुचून नुसती बोटं ठेवून बसले.