आकारामचं हत्यार

आमच्या साखर कारखान्यात पलटणीतून परतलेल्या माणसाला एकच नोकरी ठरलेली. गेटवर वॉचमन. तिकडे तो रणगाडा हाकत असो नाहीतर लंगरात चपात्या लाटत असो, इकडे आला की त्याच्या हातात काठी देतात. आष्ट्याच्या आकाराम ढोलेनं सांगितलं, "मी काँप्युटरवर काम केलंय." साहेबांनी कौतुकानं मान डोलावली आणि काठी दिली.

आकाराम मॅट्रिक नापास. लष्कराच्या एका कचेरीत जवानांच्या पगाराचा हिशेब करणारं यंत्र होतं, तिथं त्याला कार्डांना भोकं पाडायला बसवलेलं. कार्डं म्हणजे जाड कागदाची पानं. एका कार्डावर एक हुकूम, आणि ती कार्डं ज्या क्रमानं लावाल त्या क्रमानं यंत्र वागणार. दुसऱ्यांनी लिहिलेले हुकूम भोकांत उतरवता उतरवता हा स्वतःच हुकूम लिहायला शिकला. त्या हुकमांच्या गठ्ठ्याला प्रोग्रॅम म्हणतात.

"गड्या," तो मला सांगायचा, "शिपायाचा हुकूम कवा कुनी ऐकतंय का? ह्ये यंत्र ऐकतं. म्हून तर जीव जडला."

सुटून आल्यावर त्यानं सांगली, सातारा, पुणं पालथं घातलं. सगळीकडे बोलणं रंगायचं आणि "डिग्री कुठली?" या प्रश्नापाशी विझायचं. साताऱ्यात एका साहेबानं तर चहा पाजला, खूश होऊन दुसरा मागवला, आणि मध्येच डिग्रीचं विचारलं. दुसरा चहा आलाच नाही. आकाराम म्हणायचा, "एक कप चहा, एवढीच माजी लायकी निघाली बग."

त्यानंतर दोन वर्षं तो गेटवर होता. मी कारखान्याच्याच शेतकी खात्यात कारकून आणि चाळीत त्याचा शेजारी. फाटकापाशी उभं राहून ऊसगाड्या मोजणाऱ्या या माणसाचं तोंड दिवसेंदिवस बंद कुलपासारखं होत चाललेलं मी बघत होतो.

अठ्ठ्याहत्तर साली कारखान्यानं कुणीतरी वापरून टाकलेला जुना काँप्युटर घेतला. उसाची बिलं त्यावर काढायची होती. जाहिरात निघाली, पदवीधर पाहिजे. दुसऱ्या दिवशी मॅनेजर लालासाहेबांची जीप आली तेव्हा आकारामनं फाटक उघडलंच नाही.

"साहेब, एक डाव माजं काम बघा."

"आधी फाटक उघड, आकाराम."

"उघडतो की. तुमी व्हय म्हना, लगीच उघडतो."

लालासाहेब माणूस बरा. हसून म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संचालक येणार आहेत. तुझ्या प्रोग्रॅमनं बिलं काढून दाखव. निघाली तर तुझ्यासाठी शब्द टाकतो. नाही निघाली तर हा विषय संपला, आणि फाटक वेळेवर उघडायचं!"

आकाराम झपाटला. पाळी सुटली की यंत्राच्या खोलीत जाऊन भोकं पाडायचा. तयार कार्डं बुटाच्या खोक्यात भरून घरी आणायचा, कारण गेटवरच्या खोलीत उंदरांचा सुळसुळाट. त्याची बायको मनुबाई औंधची. तिनं एकदा विचारलं, "ह्या खोक्यात एवढं काय हाय वं?"

तो ऐटीत म्हणाला, "ह्येच आता माजं हत्यार."

खंडेनवमीला आणि दसऱ्याला बाकीचे वॉचमन रजेवर, म्हणून हा सलग गेटवरच. परीक्षेच्या दिवशी सकाळी घरी आला, खोकं उघडलं आणि मला हाक मारली. हाक कसली, बुडणाऱ्या माणसाचा आवाज तो.

मी गेलो. खोक्यात पिवळाधमक प्रकार. मनुबाईनं खंडेनवमीला नवऱ्याच्या हत्याराची पूजा केली होती. विळा, कुऱ्हाड, खोरं यांना लावतात तसं हळदीचं पाणी, तिच्या माहेरच्या यमाईदेवीचं कुंकू, वर झेंडूची फुलं. एकही कार्ड उपाशी राहू नये म्हणून तिनं प्रत्येकाला सुटं करून हळदीचं बोट लावलं होतं. कार्डं फुगून पापडासारखी वाकली होती आणि एकमेकांना चिकटली होती.

"लय येळ लागला," मनुबाई कौतुकाची वाट बघत म्हणाली. "आवं, तुमीच म्हनला न्हवं, ह्येच माजं हत्यार?"

आकाराम म्हणाला, "ब्येस केलंस."

आम्ही खोकं घेऊन परटाकडे पळालो. गुंडा परटानं उभ्या जन्मात कागदाला इस्त्री केली नव्हती. "कांजी टाकू का?" त्यानं मनापासून विचारलं. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हसू आवरेना, आणि त्या हसण्याची लाजही वाटेना.

यंत्राच्या खोलीच्या दारात मी म्हटलं, "आठ दिवस मागून घे. पुन्हा भोकं पाड."

"आज न्हाई तर कवाच न्हाई. विषय संपला म्हनालेत." इस्त्री केलेला गठ्ठा त्यानं यंत्राच्या तोंडी दिला.

संचालक खुर्च्यांवर बसलेले. पहिली कार्डं सुरळीत गेली. आकारामनं यमाईचं नाव घेतलं असावं, कारण ओठ हलत होते. मग खाकरल्यासारखा आवाज झाला. यंत्रानं एक कार्ड चावलं, दुसरं दुमडलं, आतून हळदीची भुकटी उडाली आणि सगळं बंद पडलं. कपाळावर हळद उडून अंगारा लावल्यासारखा दिसणारा आकाराम उभा. एक संचालक म्हणाले, "वॉचमनला बसवल्यावर दुसरं काय हुनार?" बायकोचं नाव आकारामनं शेवटपर्यंत काढलं नाही.

लालासाहेबांनी संतापून सांगितलं, "मुंबईचा इंजिनिअर येईस्तोवर ही हळद तूच काढायची. ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं!"

शिक्षा झाली ती अशी. आकाराम ब्रश घेऊन यंत्रात शिरला. इंजिनिअर आला, त्याला पाने-स्क्रू द्यायला माणूस लागला, म्हणून हाच. पुढं पदवीधर पोरगा नेमला. ज्योतिबा त्याचं नाव, पोरगा हुशार. पण एकट्यानं भागेना, म्हणून पुन्हा हाच. आज उसाच्या बिलांचे निम्मे हुकूम आकाराम लिहितो. मस्टरवर मात्र तो वॉचमन आहे, पगारही वॉचमनचा. लालासाहेबांनी दोनदा शब्द टाकला. मंडळानं दोन्ही वेळा विचारलं, "डिग्री कुठली?"

यंदा खंडेनवमीला मी त्याच्या घरी होतो. हळदकुंकवाची वाटी घेऊन मनुबाईनं विचारलं, "हत्यार कंचं आणलंय?"

आकारामनं कोपऱ्यातली गेटवरची काठी तिच्यापुढं ठेवली.

"मस्टरात तर ह्येच हाय," तो म्हणाला. "हिला लाव. पायजेल तेवढी लाव."