तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर

सुगराच्या मय्यतीचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नजमुद्दीन कामावर हजर झाला.

बोर्ली पंचतनात बापू केळसकरांच्या वखारीपुढे लॉरी उभी होती. आसपासच्या दहा गावांत डिझेलवर चालणारी तेवढीच एक, आणि ती हाकणारा नि दुरुस्त करणाराही एकच, नजमुद्दीन. अठरा वर्षं त्याने आगबोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. बायको, सुगरा, घरी एकटी पडते म्हणून पस्तीस साली त्याने दर्या सोडला. तिची सोबत पुरती तीन वर्षंही झाली नाही.

पौषातली थंडी होती. माडाच्या झावळ्यांवरून दव टपटपत होतं. बापू शाल लपेटून वखारीच्या पायरीवर आले. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते लॉरीविषयीच बोलले.

"अरे, तू नव्हतास तेव्हा हमाल ही नुसती सुरू करून बघायचे. महिनाभर सकाळी धड चालत नाही. सुरू होते, पण जागच्या जागी थडथडते, पांढरा धूर सोडते. ऊन चढलं की बरी होते."

नजमुद्दीनने बॉनेट उघडलं. सुगराला थंडी वाजून ताप भरला तेव्हा तोही हेच म्हणाला होता. जरा उन्हात बस, उतरेल. त्या दिवशी माणगावला नारळ पोचवायचे होते. तो परतला तेव्हा तिची शुद्ध हरपली होती.

हे त्याला आठवलं, पण आत काही हललं नाही. गेले चाळीस दिवस तसंच चाललं होतं. लोक रडले, मेहुणी शहरबानू रडली, तो मात्र आल्यागेल्यांना पाणी देत राहिला.

त्याने लॉरी सुरू केली. इंजिन खोकलं, पेटलं आणि थडथडू लागलं. मागच्या माल भरायच्या हौद्यातल्या पाट्या खडखडल्या.

"ह्ये असंच करतंय," हमाल भागोजी म्हणाला. "म्हातारी झाली म्हनत्यात. इकून टाका म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदेच."

नजमुद्दीनने पाना घेतला. चार सिलिंडर, त्यांना डिझेल पोचवणाऱ्या चार नळ्या. पहिलीचा नट त्याने किंचित सैल केला. डिझेल बाहेर ठिबकलं आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. नट आवळून तो दुसऱ्याकडे गेला. तिथंही आवाज बसला. तिसऱ्याचा नट सैल केला, तर काहीच फरक पडला नाही. चौथा ठीक होता.

"तिसरा थंडच आहे," तो म्हणाला. "इंजिन तापेपर्यंत हा पेटत नाही."

दोष सिलिंडरात असेल किंवा त्यात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरात. त्याने इंजिन बंद केलं, तिसऱ्याचा इंजेक्टर काढून पहिल्याला बसवला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. आता तपासायचं तर इंजिन पुन्हा पुरतं गार व्हायला हवं होतं.

"उद्या सकाळी," म्हणून तो घरी गेला. शहरबानूने भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी ठेवली होती. त्याने ती खाल्ली. चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरा सिलिंडर चालू होता आणि पहिला मुका. रोग इंजेक्टराबरोबर सरकला होता.

त्याने तो खोलला. आतल्या सुईवर गंजाचा बारीकसा डाग होता. गार असताना सुई अडकत होती आणि डिझेलचा फवारा न उडता नुसते थेंब पडत होते.

"गंज कुठनं आला?" भागोजीने विचारलं.

नजमुद्दीन उठून वखारीमागे गेला. डिझेलचं पिंप उघड्यावर उभं होतं, बूच सैल. तळातलं डिझेल त्याने बाटलीत काढलं. थोड्या वेळाने बाटलीच्या बुडाशी दोन बोटं पाणी साचलं.

"रोजचं दव आत गेलंय."

त्याने टाकी रिकामी केली, गाळणी धुतली, पिंप छपराखाली आणवलं. मग पायरीवर बसून सुई रॉकेलमध्ये धुतली आणि तेलाचं बोट लावून तिच्या जागेत हलके हलके फिरवत राहिला. दुपार टळली. अखेर सुई सोडली की आपल्याच वजनाने, सावकाश, कुठंही न अडता खाली उतरू लागली.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात लॉरी सुरू झाली आणि एका लयीत चालत राहिली. पाट्या वाजल्या नाहीत. बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भागोजी हसला. नजमुद्दीनने चिंधीला हात पुसले. आनंद व्हायला हवा, हे त्याला समजत होतं.

नारळ भरून तो म्हसळ्यावरून माणगावला पोचला. तिथला नारळाचा व्यापारी मोरूशेठ दारातच उभा होता.

"काय नजमुद्दीन, इतके दिवस होतास कुठं? दुसराच कोणीतरी बैलगाडीनं माल आणत होता."

"घरात मय्यत झाली."

"अरेरे. कोण?"

आजवर हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बायको," तो म्हणाला. ती गेल्यापासून हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला. मोरूशेठ पाणी आणायला आत वळला. नजमुद्दीन हौद्यामागे गेला आणि दोराच्या गाठी सोडू लागला. पहिली गाठ त्याला धूसर दिसत होती; ती सुटायला फार वेळ लागला.