पाचजणांचं गाणं

"वार्टे," असं म्हणून तो उजव्या हाताचं एक बोट वर करायचा. बोटावर लोखंडी नखी चढवलेली असायची. डाव्या हाताच्या मुठीत एक जाड, गोल, गुळगुळीत पिन. ती पिन आधी शर्टाच्या आत काखेत धरून बसायचा. अंगाची ऊब लागली की मगच तारांवर ठेवायचा. घाई केलेली त्याला खपायची नाही. वार्टे म्हणजे थांब. जर्मन भाषेतला मला नीट कळलेला हा पहिला शब्द, आणि बहुतेक शेवटचाही तोच असेल.

मी चौथी शिकलेला माणूस. मिरजेला एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर म्हणून जन्म काढला. बायको गेली तसं मुलाने मला उचलून इकडे जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला आणलं. कागदपत्रं त्यानेच केली, जाड कोट त्यानेच घेतला. सकाळी मुलगा आणि सून कामाला गेले की घरात मी आणि फ्रीज. फ्रीज निदान मधूनमधून घुरघुरतो.

हा म्हातारा आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. त्याचं नाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, म्हणून ते लिहीत नाही.

गुरुवारी दुपारी खालून गाणं ऐकू यायचं. कोणीतरी जाड आवाजात एक ओळ म्हणायचा, आणि तो श्वास घ्यायला थांबला की एक वाद्य हुंदका दिल्यासारखं त्याला उत्तर द्यायचं. मी भजनी मंडळात टाळ धरलेला माणूस, मला ते बरं वाटायचं. पण मधेच सगळं बंद पडायचं. वाटायचं, संपलं. जरा डोळा लागावा तर पुन्हा सुरू. दर गुरुवारी तेच, बरोबर त्याच ठिकाणी. एक दिवस माझं डोकं फिरलं. पायमोज्यांवर चपला घातल्या आणि खाली जाऊन त्याचं दार ठोकलं.

"अहो, वाजवायचं तर सलग वाजवा, नाहीतर झोपू द्या माणसाला," मी सरळ मराठीतच म्हणालो.

"या, या," तो त्याच्या भाषेत 'हो, हो' म्हणाला, माझं कोपर धरून मला आत नेलं आणि सोफ्यावर बसवलं. त्याला वाटलं, मी ऐकायला आलोय.

समोर इस्त्रीच्या टेबलासारखं काहीतरी होतं. चार पाय, वर तारा ताणलेल्या, खाली बसच्या क्लचब्रेकसारखी पायटं. हे गिटार आहे असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्याच्या हातातली पिन मी ओळखली. "ही तर पिस्टनची पिन!" म्हटलं. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली. त्याच्या अंगाची ऊब होती तिला.

शेजारी गाणारा बसला होता. लठ्ठ, डोक्यावर मळकी मोठी टोपी, नाकात ऑक्सिजनची नळी. तो एक ओळ म्हणायचा आणि त्याला दम लागायचा. तेव्हा हा तारेवर पिन ठेवून, त्याच्या छातीकडे बघत, सावकाश सूर ओढत राहायचा. छाती पुन्हा वर आली की सूर सोडून द्यायचा. कधी याच्या हाताला मुंग्या यायच्या. मग हा बोट वर करायचा, "वार्टे," आणि तो ओळ तोंडात धरून बसायचा. मी पुष्कळ साथीदार बघितलेत. एकमेकांसाठी असं थांबणारे बघितले नव्हते.

आणि मग ते नेहमीचं ठिकाण आलं. दोघेही गप्प झाले. पाय मात्र ठेका धरून होते. दोघे खिडकीजवळच्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मीही बघितलं. खुर्चीवर कोणी नव्हतं.

याचा अर्थ रविवारी कळला. सूनबाई त्याच्याकडे शिऱ्याची वाटी घेऊन गेली, मीही मागोमाग गेलो. भिंतीवर फोटो होता, मोठ्या टोप्या घातलेले पाचजण स्टेजवर उभे.

"बाबा, ते म्हणतायत, गाण्याच्या मधे व्हायोलिन होतं," सूनबाई म्हणाली.

"मग वाजवत का नाहीत?"

"वाजवणारे गेले ना."

"मग दुसरा आणायचा की. एवढ्या मोठ्या देशात एक व्हायोलिनवाला मिळत नाही?"

तिने ते सांगितलं. म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. सूनबाई गोरीमोरी झाली.

"सांग की, काय म्हणतोय?"

"म्हणतायत... तुमच्या मिसेस गेल्या, मग तुम्ही दुसरी आणलीत का?"

हा माणूस आपल्यातला आहे, हे मला तिथेच कळलं.

जवानीत हे पाचजण इकडच्या अमेरिकन सैनिकांच्या क्लबात वाजवायचे. गाई हाकणाऱ्यांची, ट्रकवाल्यांची, बायको सोडून गेलेल्या नवऱ्यांची गाणी. स्वतः अमेरिका एकानेही बघितलेली नव्हती. गिटारच्या या टेबलाने समोरच्या धिप्पाड शिपायांना पोरांसारखं रडवलंय, हे सांगताना म्हातारा छाती काढायचा. मग सैनिक परत गेले, क्लब बंद पडले. हे जत्रांमधून वाजवायला लागले.

पहिला गेला ड्रमवाला. त्याच्या मातीला चौघांनी मिळून त्याचं आवडतं गाणं वाजवलं, ड्रमची जागा मोकळी सोडून. तिथून ती रीतच पडली. त्याच्या स्टुलावर दुसरा बसवायचा नाही, म्हणून ड्रमशिवायच वाजवत राहिले. मग बास गिटारवाला गेला, तीही जागा मोकळी. मग व्हायोलिनवाला. अशा भोकं पडलेल्या बँडला कोण बोलावणार? कामं बंद झाली. दोघं उरले ते गुरुवारी घरातच वाजवत बसले, तिघांच्या जागा राखून.

मी रोखठोक माणूस. दोघे समोर असताना सूनबाईला म्हटलं, "विचार, आता नंबर कुणाचा?"

"अहो बाबा, असं काय विचारता!"

"विचार तू."

तिने मान खाली घालून विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि हसत सुटले. गाणाऱ्याला हसताना ठसका लागला. मग म्हातारा हसायचा थांबून म्हणाला, आधी जाईल तो सुटला, त्याच्यासाठी वाजवायला एकजण तरी असेल. मागे राहील त्याचं काय?

हिवाळ्यात गाणारा सुटला.

त्याला एक मुलगी, पन्नाशीची. ती आली, म्हाताऱ्याचे हात धरून म्हणाली, तुम्ही वाजवायचं. तो म्हणाला, गेनाऊ, म्हणजे बरोबर, वाजवणारच. आता व्हायोलिनबरोबर गाण्याची जागाही मोकळी, म्हणजे याची मधली मधली उत्तरं तेवढी राहिली. तेवढीच तो चार दिवस वाजवत होता. वर मला ऐकू यायचं. थोडे सूर, मग नुसती शांतता, मग थोडे सूर. आता मी दार ठोकायला गेलो नाही.

स्मशानभूमीच्या हॉलमध्ये त्या टेबलाचे पाय मीच पिळून बसवले. ऑफिसच्या कपड्यांतच सूनबाई आली होती. पेटी समोर, वर ती मळकी टोपी. म्हाताऱ्याने पिन काखेत धरली, काढली, तारेवर ठेवली. पहिली ओळ मोकळी गेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग त्याचं उत्तर आलं. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. प्रश्न विचारणारा समोर पेटीत, आणि हा उत्तर देतोय.

दुसऱ्या ओळीच्या जागी स्पीकरमधून गाणाऱ्याचा आवाज आला.

मुलीने केलं होतं ते, चांगल्या मनाने. जुन्या कॅसेटमधला बापाचा आवाज कॉम्प्युटरवर वेगळा काढून घेतला होता. तिला वाटलं, शेवटचं एकदा दोघांनी मिळून होऊ दे. तरणा, खणखणीत आवाज, नळी नाही की दम नाही. हॉलमधली सगळी माणसं रडायला लागली.

म्हाताऱ्याचा हात हवेत थांबला. त्याने नखी चढवलेलं बोट वर केलं.

"वार्टे," तो म्हणाला.

आवाज थांबला नाही. पुढची ओळ आली, तिच्या मागची आली. याने बोट तसंच वर धरलं होतं. मग ते खाली घेतलं, पिन खिशात टाकली आणि गाणं संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसून राहिला. लोकांना वाटलं, दुःखाने हात चालेना.

गाडीत सूनबाईने विचारलं तेव्हा म्हातारा एवढंच बोलला. "तो माझ्यासाठी थांबायचा. हा कोण होता मला माहीत नाही."

सूनबाईने ते मला मराठीत सांगितलं. मला माझी गोष्ट आठवत होती. बायको गेल्यावर मुलाने फोनमधला तिचा आवाज लावून दाखवला, बाबांना बरं वाटेल म्हणून. "अहो, भाकरी झाकून ठेवलीय, गार व्हायच्या आत खा." मी म्हटलं, "खातो गं." तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती पुढचं बोलायला लागली, "आणि हो, दार लावून घ्या." संसारात तिने माझं कधी असं तोडलं नव्हतं. भांडली, पण ऐकून घेऊन भांडली. मी मुलाला म्हटलं, बंद कर ते. तो मला दगड म्हणाला.

त्या दिवसानंतर म्हाताऱ्याने वाजवणं सोडलं. पाय सुजले होते, पायटं दाबली जायची नाहीत. जिना चढताना धाप लागायची. मी दुपारी खाली जाऊन बसायचो. तो जर्मनमध्ये बोलायचा, मी मराठीत. तो फोटोतल्या माणसांवर बोट फिरवायचा आणि माझ्या गुडघ्यावर ठेका धरायचा. ड्रमवाल्यावर बोट, मग बासवाल्यावर, मग गाणाऱ्यावर. आता याची ओळ. आता माझं उत्तर. आता व्हायोलिन. तोंडातून आवाज काढायचा नाही. एकदा मी भजनातल्या सवयीने गुणगुणलो तर माझ्या मनगटावर चापट मारली. त्याला मला गाणं शिकवायचं नव्हतं, कोणाची जागा कुठे आहे तेवढं दाखवायचं होतं. पुष्कळ दुपारी असं चाललं. शेवटी शेवटी त्याने बोट न फिरवताही मला कळायचं, आता कोण.

एका रविवारी त्याने सूनबाईला बोलावून घेतलं. हळू आवाजात, तिच्याकडे न बघता बोलला.

"बाबा, ते म्हणतायत, माझं कोणी नाही. मी गेल्यावर तिकडचं सगळं गाणाऱ्याची मुलगी करेल. ती मशीन लावेल. लावू देऊ नका. आमचं गाणं आमच्या रीतीने होऊ द्या."

"त्याला म्हण, होईल."

"बाबा, पण वाजवणार कोण?"

"तू म्हण, होईल."

तिने सांगितलं. त्याने माझा हात दाबला. हाड आणि कातडी, मधे काही उरलं नव्हतं. गवत हिरवं व्हायला लागलं तेव्हा हॉस्पिटलात गेला तो गेलाच. मला शेवटचं भेटता आलं नाही. फक्त घरच्यांना सोडतात म्हणाले, आणि मी कोण हे मला त्यांच्या भाषेत सांगता येईना.

इकडे जाळल्यावर राख लगेच देत नाहीत. बऱ्याच दिवसांनी कलश पुरायचा दिवस आला. आम्ही तिघंच होतो. गाणाऱ्याची मुलगी, सूनबाई आणि मी. शिवाय काळा कोट घातलेला, कलश धरून उभा असलेला स्मशानभूमीचा माणूस. बोचरा वारा सुटला होता. मुलीने पिशवीतून स्पीकर काढला.

"बाबा, ती म्हणतेय, पाचहीजणांचं जुनं रेकॉर्डिंग सापडलंय. सगळे एकत्र वाजवतायत. मागच्या वेळी तिची चूक झाली, म्हणून मुद्दाम शोधलं तिने."

"नको म्हण तिला."

"कसं सांगू? रडतेय ती."

"रडू दे. नको म्हण."

सूनबाईने सांगितलं. मुलगी माझ्याकडे वळली आणि चढ्या आवाजात बोलायला लागली. ती काय म्हणत होती ते मला न सांगताच कळलं, तरी सूनबाईने सांगितलं. "म्हणतेय, ज्याने जन्मभर वाजवलं त्याला असं मुक्यानेच पुरायचं का?"

"मुक्याने कसं? गाणं होणार आहे. पाचही गेले, म्हणून पाचही जागा मोकळ्या. ते संपेपर्यंत उभं राहायचं आणि मग खाली ठेवायचं. तो स्वतः सांगून गेलाय."

सूनबाईला ते दोनदा सांगावं लागलं. मुलगी हातातल्या स्पीकरकडे बघत उभी राहिली. मग तिने तो बंद केला, पिशवीत ठेवला आणि चेन ओढली. काळ्या कोटवाल्याला काहीतरी म्हणाली. त्याने खांदे उडवले आणि कलश पोटाशी धरला.

मी डोळे मिटले. आधी ड्रमवाला. मग बास आला. गाणाऱ्याची पहिली ओळ गेली आणि तिच्यामागे म्हाताऱ्याचं उत्तर गेलं, लांब ओढलेलं. दुसरी ओळ, तिचं उत्तर. वारा कानात घुसत होता. काळ्या कोटवाल्याचे बूट वाळूवर करकरले, एकदा तो खोकलाही. बिचारा वाट बघत होता, आम्ही केव्हा काही करतो याची. व्हायोलिन आलं, बराच वेळ चाललं. पुन्हा गाणारा आला. सूनबाईने माझी बाही धरली. ते शेवटचं उत्तर म्हातारा नेहमी रेंगाळून द्यायचा, तेवढं रेंगाळू दिलं. मग मी डोळे उघडले आणि "झालं" म्हणायला तोंड उघडलं.

मी बोलायच्या आत गाणाऱ्याच्या मुलीने मान वर केली. बरोबर तिथेच. लहानपणापासून ऐकलेलं होतं तिने ते गाणं. तिने माझ्याकडे बघितलं, काळ्या कोटवाल्याला खूण केली, आणि त्याने वाकून कलश खाली सोडला.