मामीचं दुखणं आणि दुपारची लिफ्ट

बिल्डिंगच्या टाकीत गाळ कोण टाकतं? कोणीच नाय. तरी वर्षातून एकदा टाकी धुवायला उतरलं की बादलीभर निघतो. किस्स्यांचं पण तसंच आहे. मी काय मुद्दाम जमवले नाहीत, देवाशप्पथ! आमच्या बिल्डिंगमधे राहिलं की आपोआप साठतात. त्यात मामीच्या दुखण्याचे एवढे साठलेत की आता सांगितले नाहीत तर मलाच काहीतरी होईल, आणि माझे पण रिपोर्ट नॉर्मल येतील!

आधी सांगतो कोण कोण ते. मी विकी. दहावीला एकदा आपटलोय. गावाला बाबा बोंबलायचे म्हणून मीरा रोडला मामाकडे आलो, आता इथे मामा बोंबलतो. घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच तिला कुलूप. लाईट बिल वाचवायला! चावी सेक्रेटरी राणे काकांच्या कमरेला. ती फक्त म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना मिळते.

मामी शिकवते स्टेशनजवळच्या बालवाडीत. साडेबाराला सुटते. म्हणजे रोज भर दुपारी पाच मजले, आणि अंग असं ठणकत असतं की कधी कधी तिसऱ्या मजल्यावरच बसून राहते, डोळे मिटून.

मामा म्हणतो, "सोड ना ती नोकरी."

मामी म्हणते, "तुम्ही सगळे विचारता, खरंच दुखतं का? ती पोरं विचारतात, कुठे दुखतं? आणि फुंकर मारतात."

सगळी लफडी झाली ती त्या चावीपायी.

*

पहिल्यांदा सगळ्या टेस्ट केल्या तेव्हाची गोष्ट. रक्त झालं, एक्सरे झाला, काय काय झालं. मामा रिपोर्ट घेऊन आला तो येताना पेढेच घेऊन आला. सगळं नॉर्मल! मला घरोघर वाटायला पाठवलं.

पहिल्या मजल्यावर शहा आंटीने दार उघडलं. "क्या खुशखबर है?"

"मामी को कुछ नहीं निकला!"

आंटीने दोन पेढे उचलले. "मैं तो पहले से बोलती थी, कुछ नहीं है उसको."

वर आलो तर मामी पेढा हातात धरून रडतेय. मामा एकदम गार! "अगं, काही निघालं नाही म्हणतोय मी. हसायचं सोडून काय हे?"

मामी म्हणाली, "घरात चोर शिरला म्हणून पोलिस बोलावले. पोलिस म्हणाले, चोर नाहीच. आता पोलिस पण गेले, आणि चोर आत आहे."

मामाने तिच्या हातातला पेढा घेतला आणि स्वतःच खाऊन टाकला. 

*

मग बोरिवलीच्या एका डॉक्टरने नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया! अंगावर ठरावीक जागा असतात म्हणे. तिथे अंगठ्याने दाबायचं, आपलं नख पांढरं होईपर्यंत. मामी प्रत्येक जागेला कळवळली. डॉक्टर म्हणाला, "आजार खरा आहे. रिपोर्टमधे दिसत नाही, एवढंच."

नाक्यावरचा आमचा फॅमिली डॉक्टर म्हणाला, "हे हल्लीचं फॅड आहे हो. मन रमवा."

झालं! बिल्डिंगचे दोन तुकडे.

मी त्या जागा मामाकडून शिकून घेतल्या आणि कंपाउंडमधे तपासणी केंद्रच उघडलं. मान, खांदा, कोपर, गुडघा. फुकट! वॉचमन स्टुलावरून उडाला. पेपरवाला "मर गया" म्हणाला. शहा आंटी गुजरातीत काय ओरडली ते मला कळलं नाही, पण शिवीच असणार. राणे काका मजा बघत उभे होते, मी मागून जाऊन त्यांची पण मान दाबली.

"आई गं!"

"काका, तुम्हाला पण आहे!"

काका मान चोळत म्हणाले, "गाढवा, म्हणजे सगळ्यांनाच आहे. आणि सगळ्यांना आहे म्हणजे कोणालाच नाही!"

हे लॉजिक आंटीला एवढं आवडलं की तिने ते भाजीवाल्याला पण सांगितलं.

मामीला मी सगळं ॲक्टिंग करून दाखवलं. ती हसली, मग म्हणाली, "काकांनी मान चोळली, आणि दुखायचं थांबलं ना?"

"हो."

"मग त्यांना नाही."

*

पाच वाजले, लिफ्ट उघडली की मामी चटई घेऊन गच्चीवर येते. आडवी होते. मी पण बाजूला पडतो. तिथून लांबवर मिठागरं दिसतात, मधे पाणी, पाण्यात आकाश सांडल्यासारखं. खाडीचा वास येतो. खालचे रिक्षांचे हॉर्न पण वरती येईपर्यंत मऊ होतात.

मी पाण्याची बाटली माईकसारखी धरतो. "नमस्कार. आजच्या अंगाच्या बातम्या. मामी, डाव्या खांद्यातून काय खबर?"

मामी डोळे मिटूनच सांगते, "कोणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय. सावकाश. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून."

"बोटं?"

"बोटांत मुंग्या आहेत. पण झोपाळू आहेत आज."

"पाठ?"

"पाठीत समुद्र. भरती आहे."

"ओहोटी कधी?"

"ते समुद्राला पण माहीत नाही रे."

मग आम्ही मिठागरांकडे बघत पडून राहतो. मिठाचे ढीग गुलाबी होतात, मग जांभळे. मग असं होतं की ते आहेत का नाहीत तेच कळत नाही. एकदा मामी म्हणाली, "बघ, दिसेनासे झाले. आहेत का रे अजून?"

मी म्हटलं, "असणारच ना! एवढं मीठ कोण उचलून नेणार?"

मामी बराच वेळ हसत होती. आवाज न करता. चटई हलत होती नुसती, पाण्यावर ठेवल्यासारखी.

*

आता शहा आंटीची सीआयडी. आंटीने मला कोपऱ्यात घेतलं. "विकी, तू घर में रहता है. दोपहर को देख, वो सच में लेटती है कि टीव्ही देखती है." वर एक वडापाव.

मी पहिल्या दिवशी खरं सांगितलं. "आंटी, वो बाल बना रही थी. आधा घंटा. हात ऊपर रखती है, फिर नीचे रखती है, फिर ऊपर."

आंटी म्हणाली, "कुछ भी बोलता है! बाल में आधा घंटा?"

दुसऱ्या दिवशी मी फेकली. "आंटी, मामी डोळे मिटून बसली, और जमीन से इतना ऊपर उठ गई. पंखे तक. फिर धीरे धीरे नीचे आई."

आंटीने तोंडावर हात ठेवला. "सच्ची?"

ते तिला लगेच पटलं! वेणीचं नाही पटलं.

*

नवरात्रात कंपाउंडमधे गरबा. त्या दिवशी मामीच्या अंगात ओहोटी होती. ती खुर्चीवर बसून बघत होती, तर शहा आंटीनेच तिला हात धरून ओढलं, "एक राउंड, बस एक!"

मामी एक राउंड नाचली. काय सांगू! बाकीचे उड्या मारत होते, ही पाण्याखाली नाचतात तशी नाचत होती. हात फुलाला लावावा तसा हवेला लावत होती. टाळी पण अशी, की टाळी झोपेतून उठू नये. मामा तोंड उघडं टाकून बघत होता. त्याच्या हातातलं आइस्क्रीम वितळून चपलेवर पडलं.

दुसऱ्या दिवशी आख्ख्या बिल्डिंगमधे एकच बातमी. "कल तो नाची!"

पुढचे किती दिवस मामी पलंगावर होती. चादर पण जड वाटायची म्हणून पंखा बंद करून तशीच पडलेली. ते बघायला कोणी आलं नाही.

मी आंटीला म्हटलं, "नाचना देखने सब आए. सोना देखने का टिकट लगाऊँ?"

"बदमाश!" आंटी म्हणाली, आणि संध्याकाळी डबाभर ढोकळा पाठवला. मत मात्र तेच. ढोकळा वेगळा, मत वेगळं!

*

मग मी बोरिवलीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन राणे काकांकडे गेलो. काकांनी ती पुढून वाचली, मागून पण बघितली.

"ह्यात कुठे मोडलंय ते लिहिलं नाही."

"मोडलं नाही काका, दुखतंय."

"दुखतं मला पण. आजार दिसला पाहिजे! प्लास्टर दाखव, टाके दाखव, काहीतरी दाखव!"

दाखव म्हणाले ना? ओके!

तिसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमधे सीलिंगचं काम चालू होतं. तिथलं उरलेलं पीओपी आणलं, जुन्या चादरीच्या पट्ट्या त्यात बुडवल्या, माझ्याच पायावर साचा केला आणि मागून चिरला. बुटासारखा घाला, बुटासारखा काढा! मामी म्हणाली, "हसवू नको रे, बरगड्या दुखतात." मग म्हणाली, "एकच दिवस हां."

दुपारी गल्लीच्या तोंडाशी मी तिच्या पायात चढवला. राणे काका धावतच आले. "अरे अरे वहिनी! काय झालं हे?" ताबडतोब लिफ्ट उघडली. वॉचमनने स्टूल दिलं. शहा आंटी हळदीचं दूध घेऊन वर आली, तिच्या डोळ्यात पाणी! एवढी वर्षं अंगात खरं घेऊन फिरली तेव्हा कोणी पाणी नाही विचारलं. पायात खोटं घातलं तर दूध!

लिफ्टमधे मामी खाली जाणारे मजले बघत उभी होती.

एक दिवसाचे दोन झाले. दुसऱ्या दिवशी मी घाई केली. काकांनी लिफ्ट उघडली, खाली बघितलं, परत बघितलं.

"वहिनी, काल डावा होता ना? फ्रॅक्चर सरकलं वाटतं!"

*

तिसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस. रविवारी दुपारी तीन वाजता पार्किंगमधे मीटिंग. विषय एक, पाण्याचा टँकर. विषय दोन, पाचव्या मजल्यावरील आजार खरा की खोटा.

रविवारी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. टँकरचं पटकन आटपलं. मग काका म्हणाले, "एकदाचा काय तो निकाल लावू."

मामा उभा राहिला. म्हणाला, "मी नवरा आहे. मला पण कधी कधी शंका येते." मामी त्याच्याकडे बघतच राहिली. "पण शंका आली तरी सकाळचा चहा मी करतो." आणि बसला.

मामी म्हणाली, "खरं-खोटं तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. मला दुपारी एकदा वर सोडा फक्त. नाहीतर उद्या बालवाडीत सांगून येते, आता येणार नाही म्हणून."

"पर नाची थी ना!" शहा आंटी.

काका म्हणाले, "एका फ्लॅटचं एक मत. हात वर करा. खोटा कोणाला वाटतो?" मोजले. "खरा कोणाला वाटतो?" मी दोन्ही हात वर केले. "तुझा फ्लॅट कुठला रे? खाली कर!" मोजले. दोन्हीकडे सारखे!

मी मामीकडे बघितलं. फ्लॅट तिच्या नावावर, मत तिचं. तिचा हात मांडीवरून उठला होता आणि मधेच थांबला होता, खांद्याच्या पण खाली.

"काका, मामीचा मोजला नाही!"

काकांनी चष्मा वर केला. "वहिनी, तुमचा हात वर आहे की खाली?"

"आज एवढाच जातो."

कोणीतरी हसलं. काका म्हणाले, "अर्धा हात धरता येत नाही. म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली तर सेक्रेटरीचं एक मत जादा." आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. पूर्ण. "खोटा. मीटिंग संपली."

पाच वाजायला वेळ होता, लिफ्ट बंद. जास्त बसलं की मामीचं अंग धरतं, म्हणून तीच सगळ्यात आधी उठली आणि जिन्याला लागली. तिच्या मागे चौथ्यावर राहणारे राणे काका, त्यांच्या मागे मामा, मी आणि आख्खी बिल्डिंग.

आमचा जिना अरुंद. त्यात लोकांच्या सायकली, चपलांची कपाटं. पुढच्याला ओलांडून जाताच येत नाही. मामी कठडा धरायची, एक पाय वर ठेवायची, मग दुसरा त्याच्या बाजूला आणायची. मग थांबायची. मग सगळे थांबायचे. सिमेंटच्या जाळीतून ऊन आत आलेलं, भिंतीवर चौकोन चौकोन, आणि त्यातून सगळी बिल्डिंग मामीच्या स्पीडने वर चाललेली. आधी कुजबुज होती, मग ती पण बंद. फक्त मामीचा श्वास ऐकू येत होता. पहिल्या मजल्यावर शहा आंटीचं दार आलं. ती दारापाशी थांबली, आत काय गेली नाही. काकांनी कमरेच्या चाव्या हाताने दाबून धरल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे मामी थांबली ती थांबलीच. कपाळ कठड्यावर टेकलं.

खालून, पार तळातून, कोणीतरी ओरडलं, "ओ, पुढे काय झालं? चला की! का थांबलात?"

राणे काका मागे वळले.

"थांबा रे," ते म्हणाले. "दुखतंय त्यांना."