तपासणीच्या सकाळची गोळी

४ डिसेंबर. वर्सोव्याला घरी कोळंबी सोलत बसले होते, तेवढ्यात हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला.

"मावशी, रिपोर्ट आलाय. रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे."

"म्हणजे काय गं?"

"शरीराची रोगाशी लढणारी शक्ती तुमच्याच सांध्यांवर उठलीय. म्हणून सूज."

"घरचेच वैरी म्हणजे," मी म्हटलं, आणि उरलेली कोळंबी सोलून टाकली. ओली कोळंबी कोणासाठी थांबत नाही.

त्याआधी तीन महिने सकाळी बोटं वळत नव्हती. मी अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. वाटलं, बर्फात हात घालून होत असेल. तुम्हालाही असं वाटत असेल तर अंगावर काढू नका. गारठलेला हात शेकला की सुटतो. हा आखडलेपणा तासभर सुटत नाही, आणि दोन्ही हातांना एकदम धरतो.

हॉस्पिटलात मला रुमेटॉलॉजिस्टकडे पाठवलं, म्हणजे अशा सांध्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी विचारलं, क्लिनिकल ट्रायलमध्ये येता का? म्हणजे नव्या औषधाची माणसांवर चाचणी. नेहमीचं औषध सगळ्यांना चालूच. त्यावर काहींना नवं औषध, काहींना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मी सगळी पानं वाचून सही केली.

दर महिन्याला डॉक्टर एकेक सांधा दाबायचे, "दुखतं?" विचारायचे आणि लिहून घ्यायचे. एक अट बजावून सांगितली होती. तपासणीच्या आधी चोवीस तास पेनकिलर घ्यायची नाही.

ती मी तीनदा मोडली. डॉक्टरकडे जायचं म्हणजे मी न्हाऊन, चांगली साडी नेसून जाते. मग हातच तेवढे वाकडे घेऊन कशी जाऊ? शिवाय डॉक्टर तरुण, मेहनती. त्यांचं मन कशाला मोडा? सकाळी सहाला गोळी घेतली की दहाला मूठ वळायची. ते खूश, मी खूश.

तिसऱ्या तपासणीला बाहेर बाकावर दहिसरच्या नलिनीताई शेजारी बसल्या होत्या. मूळच्या मालवणच्या, ट्रायल तीच.

"तुझो हात बरो दिसता गो आज."

"गोळी घेऊन आलेय."

त्या फस्सकन हसल्या. "मी पण! डॉक्टरासमोर कण्हत जावचा काय?"

दोघी हसलो. मग माझं हसू थांबलं. आम्ही दोघी अशा, तर डॉक्टर एवढे दिवस लिहितायत तरी काय? मी उठले.

"खंय चललंस?"

"सांगायला."

"गप रव गो! काढून टाकतले."

भीती मलाही होती. हे औषध बाहेर कुठे मिळत नव्हतं. तरी आत गेले आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मावशी, तुम्ही बऱ्या दिसलात तर मी उपचार बदलत नाही. आत सूज तशीच राहिली तर हाड झिजतं, आणि वाकडं झालेलं बोट पुन्हा सरळ होत नाही. औषध लागू पडलंय असं मी खोटं लिहिलं, तर उद्या तेच दुसऱ्या कोणाला देतील."

"मला काढणार?"

"ते मी ठरवत नाही. कळवावं लागेल. पण आता निदान तुमचे हात तरी मला खरे बघता येतील. उद्या या, गोळी न घेता."

बाहेर आले. नलिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि आत गेल्या.

ट्रायलमध्ये जाणाऱ्यांना एवढंच सांगते. तिथे चांगलं दिसायचं नसतं. जसं आहे तसं दाखवायचं असतं. मला हे कळायला तीन महिने लागले.

दुसऱ्या दिवशी सहाला उठले तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. गोळी घेतली नाही. सुनेला हाक मारली, "ब्लाउजचे हूक लाव गं." इतके महिने कोणाला लावू दिले नव्हते. तिने लावले. "आई, आधी नाही का सांगायचं?" म्हणाली.

दहाला डॉक्टरांनी पहिला सांधा दाबला. "दुखतं?"

"हो," मी म्हटलं आणि हात मागे ओढला. त्यांनी लिहून घेतलं. मग मी तो परत पुढे केला.