टीबीचा डाग आणि बिनविषारी गाठ

एक्स-रेच्या खोलीत नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, कपाटातल्या फिल्म्ससारखे आपोआप साचतात. माझे ऐकताना मंडळी आधी हसतात आणि मग त्यांचा चहा गार होतो, त्याला माझा इलाज नाही!

पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी छातीचे फोटो काढायचो. फोटोत डाग दिसला की टीबी, हा आमचा पाढा. सहसा बरोबरच यायचा. क्वचित तो डाग म्हणजे साधी गाठ निघे, टीबी नाही की कॅन्सर नाही. डॉक्टरसाहेब तिला 'बिनविषारी' म्हणत.

हिंगणीकडचा एक लाकूडतोड्या ते ऐकून ताडकन उठला. "बिनविषारी असन, पण साप छातीत काऊन ठेवू? काढा त्याले!" साहेबांनी अर्धा तास समजावलं. त्याला काही पटलं नाही.

*

केळझरच्या एका बाईंच्या फोटोत अशीच गोल गाठ. साहेब खूश, दुर्मिळ केस! दुसरा फोटो काढला तर गाठ गायब! पहिल्या वेळी गळ्यातला ताईत उतरवायला सांगायचं मीच विसरलो होतो. "गणपती पावला," म्हणत बाई गेल्या. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

पुढच्याच महिन्यात एकाचा डाग बघून मी आधी विचारलं, "ताईत राहिला का?"

"नाई जी, गळ्यात काहीच नाई."

त्याचा डाग खरा होता. तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही.

*

नाचणगावच्या एका गुरुजींना आम्हीच टीबी सांगितला होता. तेव्हापासून ताट वेगळं, खाट ओसरीवर, लहान लेकीला हात लावायचा नाही. दोन वर्षांनी ते एकटेच आले, जुनी फिल्म फडक्यात गुंडाळून. साहेबांनी जुनी-नवी शेजारी धरली. डाग तिळभर वाढला नव्हता, आत साध्या गाठीत असतात तसे चुन्याचे कण दिसत होते. साहेब आनंदाने ओरडलेच, "गुरुजी, टीबी कधी नव्हताच! साधी गाठ! आजच घरी जा, लेकीला कडेवर घ्या!"

गुरुजी फिल्मकडे बघत राहिले. "पोरगी मागच्या उन्हाळ्यात देवीच्या साथीत गेली, साहेब. 'बाबा, जवळ घ्या' म्हणून राह्यली होती. मी ओसरीवरच बसून राह्यलो."

जुन्या फिल्मवरचा नंबर माझ्याच अक्षरात होता. मला मान वर करायची लाज वाटली.

साहेब खाली बघून कागदावर लिहायला लागले.

"काय लिहून राह्यले?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्हाला टीबी नाही, असं."

गुरुजींनी त्यांचा हात धरला. "घरी तिच्या मायले वाचून दाखवा लागन, साहेब. टीबीच लिहा."